तिसऱ्या जूनच्या आक्का

राजारामपुरीतल्या मुलींच्या बोर्डिंगमध्ये मी सहायक रेक्टर म्हणून रुजू व्हायला गेले, तेव्हा एका हातात बॅग होती, काखेत गादीची वळकटी होती आणि पहिल्या नोकरीचा आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता. रेक्टरबाईंच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. आत पाऊल टाकणार, एवढ्यात आतून हाक आली, "थांबा! तितनंच बोला. मला ऐकू येतंय."

मी उंबऱ्याबाहेर उभं राहून नाव, गाव, शिक्षण सांगितलं. आतल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं. खोली वरती हाय. खिडकी उघडी ठेवायची. थंडीतबी." झालं स्वागत. चहा नाही, पाणी नाही, या-बसा तर नाहीच. इतकी शिष्ट बाई मी जन्मात पाहिली नव्हती आणि हिच्या हाताखाली आपले दिवस काही धड जाणार नाहीत, असं मी त्याच रात्री घरी पत्रातून कळवूनही टाकलं.

त्या वत्सलाआक्का कांबळे. पन्नाशीच्या, उंच, काटक, घट्ट अंबाडा, पातळाचा पदर कायम कमरेला खोचलेला. आवाज असा, की त्यांनी पडवीत एखादीच्या नावानं हाक मारली तर शेजारच्या क्लासमधली पोरंसुद्धा बाकावर ताठ व्हायची. कोल्हापुरातल्या पुष्कळ बायकांसारख्या त्याही स्वतःविषयी बोलताना 'मी आलो, मी गेलो' म्हणायच्या, आणि त्या आवाजाला ते शोभूनही दिसायचं. लग्न केलं नव्हतं. याच बोर्डिंगमध्ये राहून शिकल्या आणि इथंच रेक्टर झाल्या. खोलीत भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली एक खाट, एक खुर्ची. दुसरी खुर्ची नव्हतीच. ती का नव्हती हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, असं मला वाटत होतं.

बोर्डिंगमध्ये आठवी ते बारावीच्या मुली. पन्हाळ्याकडच्या, कागलकडच्या, शेतकऱ्यांच्या, मजुरांच्या, सगळ्या जातींच्या. खेड्यातल्या मुली एका ताटात जेवणार, एका तांब्याला तोंड लावणार, एका पांघरुणात तिघी झोपणार. आक्कांना यातलं काही चालायचं नाही. प्रत्येकीचा पेला वेगळा आणि त्यावर नाव कोरलेलं. झोपताना एकीचं डोकं भिंतीकडं, तर शेजारणीचं वाटेकडं. दोन गाद्यांमध्ये हातभर अंतर, आणि ते आक्का खरोखर स्वतःचा हात घालून मोजायच्या. बोलतानाही समोरच्यापासून तेवढ्याच लांब. मुली त्यांना पाठीमागं 'हातभर आक्का' म्हणायच्या. नक्कल तर इतकी हुबेहूब करायच्या, की एकदा मीच फसून "आले आक्का" म्हणत जिना उतरले होते.

आमच्याकडं चहा एकट्यानं पिणं म्हणजे माणूसघाणेपणा. कपातला तू घे, बशीतला मी घेतो, असा रिवाज. मी सुरुवातीला दोन-चारदा बशी पुढं केली. "तुमचा तुम्ही प्या," म्हणून आक्का कप घेऊन पडवीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसायच्या. तिथून मोठ्यानं गप्पा मारायच्या. गप्पा मात्र छान मारायच्या. त्यांच्या घरातल्या पहिल्या मॅट्रिक झालेल्या मुलीची, म्हणजे त्यांचीच, गावानं काढलेली बैलगाडीची मिरवणूक आणि वाटेत बैल बुजल्यामुळं मॅट्रिक मुलगी ओढ्यात कशी पडली, हे त्यांनी मला पंधरा फुटांवरून ओरडून सांगितलेलं अजून आठवतं. हसू आलं की मात्र त्या तोंडावर पदर घ्यायच्या.

लोक अर्थ लावायचे ते आपापल्या मापानं. बोर्डिंगच्या कमिटीतल्या एका सभासदांच्या पत्नी हळदीकुंकवाला आल्या होत्या. आक्का चार पावलं मागं सरकल्या, तेव्हा त्या बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "घ्या! आता ह्या आमची शिवाशिव पाळायला लागल्या."

आक्का तिथूनच म्हणाल्या, "पाळतो की. सगळ्यांची सारखी पाळतो. तुमच्या लोकांनी तेवढं तरी कवा केलंय?"

मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. पण खरं कारण मला तोवर ठाऊक नव्हतं.

ते कळलं दुसऱ्या वर्षी, जोतिबाच्या चैत्र यात्रेनंतर. मुली डोंगरावरून परतल्या त्या नखशिखान्त गुलाबी होऊन. आक्का फाटकात उभ्या. प्रत्येकीला आधी आंघोळ, आणि आंघोळीनंतर उन्हात उभं करून हात, पाय, पोटऱ्या तपासणी. हातात एक काचेचा पेला. कुठं डाग राहिलेला दिसला की आक्का तो पेला त्यावर दाबून, वरून डोळा लावून बघायच्या. मला हसू आवरेना. म्हटलं, "आक्का, गुलाल आहे तो. जाईल दोन दिवसांत."

त्यांनी पुढच्या मुलीला बोलावलं. शेवटची मुलगी तपासून झाली, तेव्हा पडवीच्या त्यांच्या टोकाला जाऊन बसल्या आणि त्या दिवशी पहिल्यांदाच हळू आवाजात बोलल्या. मला ऐकण्यासाठी चार पावलं सरकावं लागलं. त्यांनी हात वर करून थांबवलं, तिथं मी खाली बसले.

"तुम्ही यायच्या आदल्या सालची गोष्ट. मंगल म्हणून पोरगी हुती. अकरावीची. ह्याच यात्रंसनं आली आन् म्हणाली, आक्का, अंग कसकसतंय. म्हटलं, डोंगर चढलीस, ऊन लागलंय. उलटी झाली. म्हटलं, पित्त हाय. हातापायांवर जांभळं-जांभळं ठिपकं हुतं. म्हटलं, गुलाल." हातातला पेला खाली ठेवून म्हणाल्या, "आम्ही बुद्धाची माणसं. मला त्या डोंगराशी काय देणंघेणं न्हाई. पण पोरींच्या देवाला मी कवा नाव ठेवलं न्हाई. कुणाचं मन दुखवायचं न्हाई, ह्यो माझा नेम. मी तिला खोबरेल लावलं, बेसन लावलं. घासलं. निघंना. परत घासलं. ती म्हणाली, दुखतंय. मला वाटलं, जोरात घासलं तर पोरगी म्हणंल, आक्काला आमच्या देवाचा राग हाय. म्हणून हळू घासलं. अर्धी रात हळू घासत बसलो मी. डॉक्टरला बोलवायच्या ऐवजी."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत मंगल दवाखान्यातच वारली.

बोर्डिंगला फुकट तपासायला येणारे डॉक्टर पाटणकर यांचा दवाखाना पलीकडच्याच गल्लीत होता. त्यांनी आक्कांना पेल्याची युक्ती दाखवली. साधं पुरळ असेल तर काच दाबली की फिकट पडतं. हे पडत नाही, कारण ते कातडीखाली सांडलेलं रक्त असतं. मेंदूज्वराचा तो प्रकार माणसाला एका दिवसात नेतो आणि जिथं माणसं दाटीनं राहतात, झोपतात, तिथं एकाकडून दुसऱ्याकडं जातो. तेव्हा डॉक्टरांनी सगळ्यांना गोळ्या दिल्या आणि जूनमध्ये मुंबईहून लस मागवून टोचली. सांगितलं, हिचा जोर साधारण तीन वर्षं. मग उतरतो. पुन्हा द्यावी लागेल.

"आणखी एक सांगितलं त्यांनी," आक्का म्हणाल्या. "लस घेतलेल्या माणसाच्याबी घशात त्यो जंतू ऱ्हातो म्हणं. त्याला काय हुत न्हाई. ठणठणीत असतो. पण त्याच्यापासनं दुसऱ्याला हुतंय. मी इचारलं, मंगलला कुणापासनं झालं? म्हणाले, ते कळत न्हाई, आन् शोधूबी नका. आता बघा, तिच्या उशाला रोज अभ्यास घ्यायला कोण बसत हुतं? मीच. तिला आवडतो म्हणून माझ्या कपातला चहा कोण देत हुतं?"

म्हणजे आक्कांना आमच्याकडून काही होईल याची भीती नव्हती. त्यांच्याकडून आम्हाला होईल, याची होती. डॉक्टरांनी असं काही नसतं, इतके दिवस जंतू घशात बसून राहत नाही, हे त्यांना नाना परीनं समजावलं होतं. आक्का मान डोलवायच्या आणि हातभर लांब उभ्या राहायच्या. मला त्या दिवशी रडू आलं, आणि जवळ जाऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवावा म्हटलं, तर तेही शक्य नव्हतं.

मंगल गेल्यापासून दर तिसऱ्या जूनला सगळ्या बोर्डिंगला लस आणि मधल्या वर्षांत फक्त नव्या आलेल्या मुलींना. प्रवेश संपले, गाद्या वाटून झाल्या, की बर्फाचा डबा यायचा आणि पडवीत रांग लागायची. मुली दंड चोळत 'तिसऱ्या जूनच्या आक्का' म्हणून नाकं मुरडायच्या. लसीचं नाव निघालं की आक्कांचा चेहरा मात्र उजळायचा. इतरांना दिवाळीत होतो तसा आनंद त्यांना त्या बर्फाच्या डब्याचा व्हायचा.

एका वर्षी दिवाळीनंतर एक मुलगी मधूनच दाखल झाली. बापाची बदली झाली होती. तिची लस 'येत्या जूनात बघू' म्हणून राहिली. जानेवारीत तिला ताप भरला. आक्कांनी पेला दाबला आणि तो उचलायच्या आत डॉक्टरांच्या नावानं जी हाक मारली, ती म्हणे डॉक्टरांना खरंच दवाखान्यात ऐकू गेली. पोरगी वाचली. मंगलच्या वेळच्याच गोळ्या आता आम्हा सगळ्यांना मिळाल्या. त्या गोळ्यांची एक गंमत डॉक्टर सांगायचे विसरले. दुसऱ्या दिवशी पहाटे संडासाच्या रांगेत किंकाळ्या. लघवी केशरी! दोघी-तिघी आईच्या नावानं रडायला लागल्या, एक तर 'मी आता जगत नाही' म्हणून ट्रंकेची किल्ली मैत्रिणीला द्यायला निघाली. माझीही केशरी होती आणि माझंही धाबं दणाणलं होतं. तेवढ्यात आक्का अंगणाच्या मध्यभागी येऊन ओरडल्या, "गप बसा सगळ्या! माझीबी केशरीच हाय! गोळीचा रंग हाय त्यो, मरत न्हाई कुणी!" पलीकडच्या गॅलरीत दात घासत उभा असलेला माणूस ब्रश तोंडात ठेवूनच आत पळाला. त्या दिवशी बोर्डिंग जेवढं हसलं, तेवढं पुन्हा कधी हसलं नाही. आक्काही हसत होत्या. तोंडावर पदर घेऊन.

संध्याकाळी डॉक्टर आले तेव्हा आक्कांनी त्यांना विचारलं, "जिला लस न्हवती, तिलाच झालं. बाकीच्या लशीमुळंच वाचल्या न्हवं?"

डॉक्टर पाटणकर सरळ माणूस. म्हणाले, "आक्का, मला हो म्हणायला आवडलं असतं. एका मुलीवरून तसं सांगता येत नाही. लस या जंतूच्या एक-दोन जातींवरच चालते. काहींच्या अंगात तिचा जोर लवकर उतरतो. कदाचित लसीनं वाचवलं असेल, कदाचित हे दुखणं या बोर्डिंगमध्ये पुन्हा आलंही नसतं. जे झालं नाही, ते कशामुळं झालं नाही, हे एवढ्याशा घरात कुणालाच कळत नाही."

"मग द्यायची का थांबवायची?"

"द्यायची. माझी मुलगी इथं असती तर मी दिली असती."

आक्कांना तेवढं पुरलं. मला वाटतं, पुरलं नाही. त्यांनी ते पुरवून घेतलं. माणसानं विहीर खणली तर पाणी दिसतं, झाड लावलं तर आंबा दिसतो. या बाईच्या कष्टाचं फळ म्हणजे काहीच न होणं, आणि ते कुणाला बोट दाखवून दाखवायची सोय नव्हती.

पुढं कमिटी बदलली. पुन्हा तिसरा जून आला, तेव्हा नव्या अध्यक्षांनी बैठकीत विषय काढला. इमारतीला रंग द्यायचा होता, सोलरचं पाणी बसवायचं होतं.

"आक्का, एवढ्या वर्षांत कुणाला काय झालंय का?"

"न्हाई."

"मग?"

"म्हणून तर."

सगळे हसले. एक सभासद म्हणाले, "लस चालू असताना एक पोरगी आजारी पडलीच की हो."

"तिला दिली न्हवती. मधनं आलती ती."

"म्हणजे लशीबिगरबी वाचली की!"

पुन्हा हशा. चहा आला. आक्का उभ्याच होत्या. त्यांचा आवाज चढला, "मंगलच्या येळंला तुम्ही न्हवता, म्हणून हसताय."

आणि त्या टेबलाभोवतीच्या एकानं, अगदी निरागसपणे, शेजाऱ्याला विचारलं, "कोण मंगल?"

शेजाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. त्यानं खांदे उडवले. मी आक्कांकडं पाहिलं. त्या भांडतील, टेबलावर हात आपटतील असं मला वाटलं होतं. त्या वळून निघून गेल्या. आवाज न करता गेलेल्या आक्का मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिल्या. मंगलला ओळखणाऱ्या मुली केव्हाच बारावी होऊन, लग्नं होऊन गेल्या होत्या. आता ती एकट्या आक्कांच्या डोक्यात उरली होती. मीही तिला ओळखत होते ती ऐकूनच. लस थांबली.

त्यानंतर लवकरच आक्का निवृत्त झाल्या आणि कसबा बावड्याला भावाच्या घरामागच्या खोलीत राहायला गेल्या. भाऊ साखर कारखान्यात होता. घर भरलेलं, नातवंडं अंगणभर. पण आक्कांचं ताट मागच्या खोलीत वेगळं. गळीत हंगामात मळीचा वास नाकात भरायचा, तरी खिडकी उघडीच. भावजय मला कौतुकानं म्हणाली, "वन्सं लई शिस्तीच्या. पोरास्नी अंगाला लागू देत न्हाईत." घरच्यांना ती शिस्तच वाटत होती.

मी आता रेक्टर झाले होते. गेले की आक्का पहिला प्रश्न विचारायच्या, "दिली का?" मी 'नाही' म्हणायची. "कुणाला काय?" मी पुन्हा 'नाही' म्हणायची. "बरं हाय," म्हणून त्या बोटांकडं बघत बसायच्या. एकदा म्हणाल्या, "बाई, एखादी तरी आजारी पडावी असं मला आतनं वाटतंय का, हे मी सोताला इचारत असतो. न्हाई वाटत. खरंच न्हाई वाटत. पण सारखं इचारावं लागतंय बघा."

खिडकीबाहेर उसाच्या गाड्या चालल्या होत्या. आम्ही दोघी त्या बघत राहिलो.

मग एका उन्हाळ्यात दिल्लीकडं मेंदूज्वराची साथ आल्याच्या बातम्या पेपरात यायला लागल्या. आमच्या कमिटीला एकाएकी घाम फुटला. ज्यांनी खांदे उडवले होते, तेच आता मला दिवसातून दोनदा फोन करायला लागले. लस मिळेना, मग कुठूनतरी मिळाली. जूनमध्ये पुन्हा पडवीत बर्फाचा डबा आला. डॉक्टर पाटणकर तोवर दवाखाना बंद करून मुलाकडं निघून गेले होते. टोचायला दुसरेच कुणी तरुण डॉक्टर आले. मी बावड्याला फोन करून निरोप ठेवला.

रांग निम्मी झाली असेल. फाटकाशी वॉचमनचा आवाज आला, "कुणाकडं जायचंय, पावणं?"

"कुणाकडं न्हाई. लस चाललीया न्हवं? बघाय आलतो."

"मग भाईरनं बघा. आत सोडाय परवानगी न्हाई."

मी धावत गेले. फाटकाबाहेर आक्का उभ्या होत्या. वाळल्या होत्या. जन्म ज्या इमारतीत गेला, तिथं त्यांना पावणं म्हटल्याचा राग मलाच आला; त्यांना आलेला दिसला नाही. मी वॉचमनला झापायला तोंड उघडलं, तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. त्याचं काम करतोय त्यो." आत यायला तयार नाहीत. फाटकाच्या गजांमधून रांग बघत राहिल्या. मग विचारलं, "तुम्ही हाय न्हवं हितं, तीन वर्षांनी?"

माझी पुण्याच्या कॉलेजात निवड झाली होती. दिवाळीनंतर जाणार होते. मी ते सांगितलं. आक्का पुन्हा रांगेकडं वळल्या.

रांगेच्या शेवटी, फाटकाजवळ, दंड धरून आधीच रडवेली झालेली एक छोटी मुलगी उभी होती. आक्कांनी तिला हाक मारली. ती जुनी हाक नव्हती, पण मुलगी आली.

"नाव काय तुझं?"

"सानिका."

"कितवीला?"

"आठवीला."

"तीन वर्षांनी अकरावीला जाशील. त्या जूनात रेक्टरबाईला म्हणायचं, सगळ्यांस्नी लस द्यायची हाय. ऐकलं न्हाई तर परत म्हणायचं. हसलं तरी म्हणायचं. म्हणशील?"

मुलीनं माझ्याकडं बघितलं, मग मान हलवली.

"तोंडानं सांग."

"व्हय, आज्जी."

"मोठ्यानं."

"व्हय!"

"जा. रांगंत जा." एवढं बोलून आक्कांनी पदर खोचला, मला "येतो" म्हणाल्या आणि बावड्याच्या बससाठी चौकाकडं चालायला लागल्या. रस्त्यावर क्लास सुटला होता. पोरापोरींच्या सायकलींच्या घोळक्यातून त्या सगळ्यांना अंतर देत, थांबत, कडेकडेनं जात होत्या. वळणावर दिसेनाशा झाल्या, ते मी त्यांना पाहिलेलं शेवटचं.

सानिका रांगेत गेलीच नव्हती. माझ्या शेजारी फाटकाचा गज धरून तीही तिकडंच बघत होती.

"मॅडम," ती म्हणाली, "त्या आज्जी कोण हुत्या? आन् ही लस कशाची असती?"